डाव्या हाताचा लिव्हर

पिंगळी,
९ एप्रिल २०२५

चि. शिवप्रसाद यास,
तुझ्या आक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडं मी अन् मावशी खुशाल हाव. तिकडं तुमी सगळे खुशाल असालच; लगनघराला खुशालीचा काय तोटा! मायचे गुडघे कसे हायत? गाय व्याली म्हणं, कालवड झाली का गोऱ्हा? मांडव अंगणातच घालायचा ठरला का शाळेपुढं? पत्रिका छापून आल्या असतील. मावशीच्या पत्त्यावर एक टाक. माझं नाव घातलंय का न्हाई, तेवढं बघायचंय.

फोन करायचा सोडून आक्का पत्र कामून लिहायली, असं म्हणशील. फोनवर तुला माझा आवाज येत न्हाई ना! मागच्या टायमाला मी दोन वाक्यं बोलले न बोलले, की तू 'हॅलो, हॅलो, आवाज कटायलाय' म्हणून ठेवून दिलास. पेडगावात टावर आपल्या घरामागंच हाय, तरी सगळ्या जगात माझाच आवाज कटतो. म्हणलं, पत्र लिहावं. ते कटत न्हाई.

अक्षराकडं बघून हसू नको. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलंय, उजव्या हातानं रोज एक पान लिहायचं, मग हात वळंल. आजवर मी मावशीच्या पोथीतली पानं उतरवून काढायचे. आज म्हणलं, देवाला लय लिहिलं, आता भावाला लिहावं.

तुझा मेसेज पोचला. 'आक्का, सायकलचे ब्रेक लिव्हर तुटलेत ना, नवी जोडी घे, भारीतली घे, मी देतो. कोणती पाहिजे तेवढं सांग.' मावशीला वाचून दाखवला. ती म्हणली, 'बघ गं, भावाला किती माया!' मी व्हय म्हणलं. पण त्याच दिवशी मायचा फोन आला, ते तिला सांगितलं न्हाई. माय म्हणली, लगनात तू करवली व्हायच्या फंदात पडू नको, चार पाहुणे येणार, तू आपली मांडवात निवांत बस, हात पदराखाली ठेव म्हंजे बरं दिसंल. अन् नवरानवरी घरात येताना दार अडवायला आपली चुलत बहीण दीपिका उभी राहील म्हणं. तुझी सख्खी बहीण जित्ती असताना दार दीपिका अडवणार! बरं, एका हातानं लिव्हर द्यायचे अन् दुसऱ्या हातानं दार काढून घ्यायचं, हा सौदा तू ठरवलास का मायनं, ते मी इचारत न्हाई. तुला लिव्हरचं सांगायचंय, तेच सांगते.

सायकल आता पिंगळीत हाय, तुला ठाऊक असंल. मागच्या महिन्यात मावशीचा दीर टेम्पो घेऊन पेडगावला आला व्हता, त्यानं गोठ्यातून उचलून आणली. बापूंनी नांदेडवरून आणलेली जुनी रेसची सायकल, मेंढ्याच्या शिंगावानी वळलेल्या हँडलची. गावातली पोरं 'शिंगाडी आली, शिंगाडी आली' म्हणून मागं पळायची, आठवतंय? सगळ्यात पुढं तूच असायचास. बापू गेले, ती अजून धड हाय. गंज थोडा चढलाय, पण फ्रेम सरळ, चाकं गोल. फक्त ब्रेकचे लिव्हर तेवढे तुटलेत, दोन्हीबी.

मग गेले परभणीला, स्टेशनजवळ सुगतच्या दुकानात. कॉलेजात असताना माझी सायकल त्याच्याकडंच जायची. माणूस बोलका, पण ऐकून घ्यायची सवय न्हाई. सायकल बघितली की म्हणला, 'ताई, फिकीरच करू नका, तुमाला एकदम कडक लिव्हर बसवतो.' त्याचं सगळंच कडक असतंय. चहा कडक, गाणं कडक, गल्लीत आलेला नवा जावईबी कडक. बसवले त्यानं. दाबून बघितलं तर खरंच हाताला दगड लागल्यावानी. म्हणला, 'बघा, कसाय!' मी म्हणलं, चालवून बघते. उड्डाणपुलाच्या उतारावर दाबला, तर सायकल आपली चाललीच! लिव्हर कडक अन् सायकल मोकाट. पाय घासत घासत थांबले, चपलेचा तळवा गेला, समोरचा रिक्षावाला आईमाईवर आला.

परत येऊन सुगतला समजावलं. अरे बाबा, ह्या लिव्हरची ओढ नव्या जातीच्या ब्रेकसाठी असती, तो वायर लय ओढतो. माझ्या जुन्या ब्रेकला वायर थोडी ओढली तरी भागतं, पण जोर पाहिजे. हाताला कडक लागलं म्हंजे थांबलं असं न्हाई. जो बोटाखाली जरासक दबतो, तोच थांबवतो. त्याला काय पटंना. 'गिऱ्हाईक कडकच मागतंय,' म्हणला. मागू दे की! आमच्या घरातबी एक कडक माणूस हाय, बोरीच्या पोरीवाल्यांनी नुसता बघूनच पसंत केलाय.

दुसरी जोडी बरोबर ओढीची निघाली, पण लांब, बाप्याच्या पंजाची. माझं बोट दांडीपर्यंत पुरंना. तिसरी सुगतनं नांदेडवरून मागवली. बेताची, हँडलाजवळ आलेली, वर काळं रबर, हात ठेवला की बसतोच. उजवा लिव्हर बसवला, दाबला, अन् चाक जागच्या जागी गप. शिवा, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुकानातच रडू फुटलं. सुगत म्हणला, वंगण गेलं का डोळ्यात? मी म्हणलं, व्हय.

आता राहिला डावा. लिव्हर जोडीनंच येतात, सुटा कुणी देत न्हाई. सुगत म्हणला, 'ताई, हाबी चढवू ना?' मी म्हणलं, चढव, पण दांडी कापून टाक. मला नुसतं बूड पाहिजे, हात टेकायला. त्याला समजंना. म्हणला, नवाकोरा माल कशाला कापता? तवा मी ओढणीखालून हात काढला अन् हँडलवर ठेवला. अंगठा हाय, बाकी चारी न्हाईत. त्यानं करवत घेतली अन् कापली. आता दोन्ही चाकांच्या वायरी उजव्याच लिव्हरला जोडल्यात. एक वायर शिरती अन् दोन निघतात, असा एक जोड मिळतो. एका हातात दोन्ही ब्रेक. तू जोडी घेऊन देतो म्हणलास, पण मला अर्धीच लागती, बाळा. जोडी तुला लखलाभ.

कापलेली दांडी ह्याच पाकिटात घातलीय. उघडताना टोचली असंल.

आता तुला एक गंमत सांगते. सायकल पडली की एका अंगावर पडती. माणूसबी एकाच अंगावर पडतं. मग दोन्हीकडचे लिव्हर कसे काय तुटले? हँडलच्या पट्टीला ओरखडा न्हाई, पायडल घासलेलं न्हाई, आरसासुद्धा शाबूत. अन् तुटक्या लिव्हरवर गोल गोल खड्डे पडलेत, आपली खुंट्या ठोकायची हातोडी हाय ना, बरोबर तिच्या तोंडाएवढे. लहानपणी त्याच हातोडीनं तू चिंचोके फोडायचास, डोळे मिटून. लिव्हर फोडतानाबी मिटले असतील.

माझ्या सायकलीनं ह्याचं काय घोडं मारलं म्हणून मी लय दिवस डोकं खाजवत बसले. मग आठ दिवसांखाली बोरीहून तुझ्या नवरीचा, प्रियदर्शनीचा फोन आला अन् सगळं लख्ख झालं. पोरगी गोड बोलती, तुझं तकदीर चांगलं. म्हणली, 'ताई, एक बोलू का? रागावू नका. तुमी आता सायकलवर बसू नका. चेनमध्ये एवढी बोटं गेली, अन् परत तीच सायकल नीट करायला टाकलीत म्हणं. घर बघायला आलो तवा ह्यांनी दाखवली ना आमाला, गोठ्यात कशी मोडून पडली व्हती. माझ्या अंगावर काटाच आला बघा.'

मी म्हणलं, 'व्हय का गं? अजून काय काय दाखवलं?'

'काय न्हाई. बाबांनी मात्र पयलंच इचारलं व्हतं, घरात कडबा कापायचं कुट्टीचं यंत्र हाय का म्हणून. आमच्या गल्लीत एका बाईचा हात गेलाय ना त्यात, तवापासून त्यांनी धसकाच घेतलाय. तर सासूबाई म्हणल्या, यंत्र हाय, पण आमच्यात आजवर कुणाला खरचटलंसुद्धा न्हाई. मग बाबांनी सुपारी घेतली.'

खरचटलंसुद्धा न्हाई! वा रे वा. मी खरं सांगायला तोंड उघडलं व्हतं. मग मुद्दाम मिटलं. 'बाई, जपून राहा,' एवढंच बोलले अन् ठेवला. कामून मिटलं, ते पुढं येईल.

आता तो दिवस. तू कवा बोलला न्हाईस, मीबी न्हाई. आज मी लिहिते, तू वाच. संक्रांत तोंडावर आली व्हती. कडब्याची कुट्टी चालू व्हती. मधीच तू ओल्या मक्याची पेंढी सारलीस, यंत्र अडकलं, अन् तेवढ्यात लाईट गेली. मी यंत्रापुढं, तू बोर्डापाशी, हातात मोबाईल. मी इचारलं, 'शिवा, बंद हाय का?' तू म्हणलास, 'बंद हाय.' मी हात घातला. डावा घातला, कारण मी डावरी, कामाचा हात तोच.

मी बटनाचं इचारलं व्हतं. तू वर बल्बाकडं बघितलंस अन् लाईटीचं सांगितलंस. आपल्याकडं लाईट गेली तरी 'बंद हाय' म्हणतात, बटन बंद केलं तरी 'बंद हाय'च म्हणतात. अन् लाईट गेल्यावर बटन बंद करतंय कोण? आली की लगेच कळावं म्हणून सगळं गाव चालूच ठेवतंय. मग लाईट आली.

शिवा, तुझी चूक झाली, पण ती कुणाच्याबी हातून झाली असती. उद्या तू आत हात घातला असतास अन् मी बोर्डापाशी असते, तर मीबी बल्बाकडंच बघून बोलले असते. दवाखान्यात येऊन 'आक्का, मी बल्ब बघितला गं, बटन न्हाई बघितलं' एवढं तू बोलला असतास, तर मी तुला पोटाशी धरून रडले असते. आईशप्पत, तिथंच मिटलं असतं. पण डॉक्टरनं इचारलं तवा तू काय सांगितलंस? 'न इचारता हात घातला हिनं.' मी खाटेवर शुद्धीत व्हते. माझ्याकडं बघत सांगितलंस.

अन् आपली माय! लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की उलथणं मारायची, इतकी तिला त्या हाताची चीड. टाके घालून मला घरी आणलं, तिनं भाकरीचा तुकडा माझ्या उजव्या हातात दिला अन् म्हणली, 'आता बरी उजव्या हातानं जेवशील.' तू शेजारीच बसला व्हतास. तू हसलास. जरासकच, पण हसलास. मी त्याच आठवड्यात मावशीकडं आले, ते बोटांमुळं न्हाई रे. त्या हसण्यामुळं आले.

मला तुझा राग येतो. लय येतो. भाकरी थापताना येतो, केस बांधताना येतो, ड्रेसची नाडी मावशीकडून बांधून घेताना तर इतका येतो, की तू समोर असतास तर काय केलं असतं सांगता येत न्हाई. अन् वर तू बोटं सायकलीवर ढकललीस. घरात मला तेवढी एकच वस्तू प्यारी व्हती, तिलाच साक्षीदार केलंस, हातोडी मारून.

दाराचं सांगून पत्र संपवते. दार दीपिका अडवणार न्हाई. मी तिला फोन केला. ती बिचारी म्हणली, 'पंकाताई, मान तुमचा हाय, मी कशाला मधी पडू?' तवा दार मी अडवणार. तू प्रियदर्शनीला घेऊन उंबऱ्यापाशी येशील, बाया कल्ला करतील, 'माग गं, भावाला काय पाहिजे ते माग, सोडू नको!' बाकीच्या बहिणी भावाची होणारी लेक मागतात, साडी मागतात. मला लेक नको अन् साडीबी नको. मी चारचौघांत तुला एकच इचारणार: 'शिवा, बंद हाय का?'

मग तू बोलायचं. कुणी इचारलं व्हतं, कुणी काय उत्तर दिलं, बोटं कशात गेली, लिव्हर कुणी फोडले, सगळं. प्रियदर्शनी तवा उंबऱ्याच्या बाहेरच असंल, तिच्यामागं वाट मोकळी असंल. ऐकून आत यायचं का बापाच्या गाडीत बसायचं, तिचं ती ठरवील. तू तोंड उघडलं न्हाईस तर मी उघडीन. माझा आवाज त्या दिवशी कटणार न्हाई.

आधीच बोरीला जाऊन सांगायचं असंल तर जा. मग मी दारात हिरवी साडी मागीन, हसून बाजूला हुईन, कबूल. पण तू जाणार न्हाईस, मला माहीतय. अन् खरं सांगू? तू जाऊ नयेस असंच मला वाटायलंय. म्हणून तर त्या पोरीपुढं तोंड मिटलं. फोनवर बोलले असते तर मायनं रडून, पाया पडून घरच्या घरी मिटवलं असतं. मला ते उंबऱ्यावर पाहिजे, वाजंत्री थांबल्यावर, तुझ्या डोक्याला बाशिंग असताना. त्या गरीब पोरीचं त्यात काय व्हईल, ह्याचाबी मी इचार केला, अन् तरी गप बसले. इतकी बेमुरवत मी कवा झाले, माझं मलाच कळंना.

समज ती ऐकूनबी आत आली. बाया येतात, दुसरं करतील काय? तर पुढच्या सुगीला त्याच यंत्रापुढं ती बसंल. तू पेंढी सारशील, यंत्र अडकंल, लाईट जाईल. ती तुला इचारील, 'अहो, बंद हाय का?' तवा तू कुठं बघशील, शिवा? बल्बाकडं का बटनाकडं? मला ह्याचं उत्तर पाहिजे, बाकी काय नको. म्हणून ती कापलेली दांडी फेकू नको. लगनाच्या दिवशी सदऱ्याच्या खिशात ठेव, टोचली की बटन आठवंल.

मी सायकलवरच येणार हाय, परभणीवरून सरळ. येताना घाबरायचं काय कारण न्हाई, आता ती एका हातानं थांबती. मायला सांग, पंकी पदराखाली हात घेणार न्हाई. एक हात ह्या चौकटीला, एक त्या चौकटीला, असंच दार अडवतात. गाईला कालवड झाली असंल तर तिचं दूध तोडू नका, पोटभर पिऊ द्या.

तुझ्या दारात दोन्ही हात आडवे धरून उभी राहणारी,
तुझी थोरली बहीण
पंकजा